आमच्या मागें भिंगरीचें काय?

गेल्या आश्विनांत डॉक्टरांनीं आमच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसविले, आणि घरीं परतल्यावर महिन्याभरांत आम्ही मृत्युपत्राचा मसुदा करावयास बसलों. वय ५७, पत्नीस जाऊन सहा वर्षें झालेलीं, एकुलती एक मुलगी जर्मनींत नोकरी करून तेथेंच संसारांत रमलेली. मालमत्ता म्हणाल तर पुण्यांत दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेंत थोडी ठेव, सात कपाटें पुस्तकें, आणि साताऱ्याजवळच्या गांवीं वडिलांचें जुनें घर. एवढ्याची व्यवस्था करावयास अर्धा तास पुरे, अशा समजुतीनें आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास, जो आज शहरांत वकिली करतो, संध्याकाळच्या चहास बोलाविलें. त्यानें सर्व तपशील लिहून घेतला आणि शेवटीं रिवाजाप्रमाणें विचारलें, “सर, आपल्यावर अवलंबून असलेलें आणखी कोणी?”

आम्हीं टेबलाखालीं बोट दाखविलें. तेथें आमच्या पावलांवर हनुवटी टेकून भिंगरी निजली होती.

वकिलास प्रथम हंसूं आलें. पण आम्ही हंसत नाहीं असें पाहून त्यानें लेखणी खालीं ठेविली. “सर,” तो म्हणाला, “कायद्याच्या दृष्टीनें ही अवलंबून असणाऱ्यांत मोडत नाहीं. ही आपली मालमत्ता. हिला कांहीं देतां येणार नाहीं. हिलाच कोणाला तरी द्यावें लागेल.”

भिंगरी ही गांवठी कुत्री आहे. चार वर्षांपूर्वीं ऐन श्रावणांत कॉलेजच्या सायकल-स्टँडखालीं ती भिजून काकडत पडली होती. एका रात्रीपुरती म्हणून आम्हीं तिला घरीं आणिली, आणि ती रात्र अजून संपलेली नाहीं. अंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि पट्ट्याची कडी वाजली कीं स्वतःभोंवतीं गरगर फिरण्याची खोड. त्या खोडीवरूनच नांव पडलें. पत्नीच्या मागें आमच्या घरांत दिवसाकांठीं जे चार शब्द मोठ्यानें बोलले जातात, ते तिच्यामुळें. लोक म्हणतात, आम्हीं तिला आसरा दिला. उपकार कोणाचे कोणावर, हा हिशेब आम्हीं अद्याप केलेला नाहीं. पण बाकी आमच्याकडेच निघेल अशी आमची खात्री आहे.

दुसरा हिशेब मात्र सोपा होता. नीट संभाळलेलें गांवठी कुत्रें बारा-चौदा वर्षें सहज जगतें. भिंगरी चार वर्षांची. म्हणजे अजून दहा वर्षें धरावीं. आम्हांस किती धरावीं, असें डॉक्टरांस विचारलें तेव्हां ते हंसून म्हणाले, “पथ्य पाळा, भरपूर जगाल.” ‘भरपूर’ हा शब्द वजाबाकींत बसत नाहीं.

त्या आठवड्यांत आम्हीं वकिलाकडून कायद्याचीं पुस्तकें आणून वाचलीं. आयुष्यभर परीक्षेसाठीं वाचावयास सांगणाऱ्या मनुष्यास अडचणींत दुसरें सुचत नाहीं. मृत्युपत्रास निदान दोन साक्षीदार लागतात, त्याची नोंदणी सक्तीची नाहीं, इत्यादि सोपस्कार समजले. परंतु भारतांतील विश्वस्त-निधींचा जो १८८२ चा कायदा आहे, त्याप्रमाणें लाभार्थी होऊं शकते ती मालमत्ता धारण करण्यास समर्थ अशी व्यक्तिच. कुत्रें स्वतःच मालमत्ता; तें मालमत्ता कशी धारण करणार?

इंग्रज न्यायाधीशांनीं या बाबतींत थोडी ढिलाई दाखविली आहे. १८८९ सालच्या एका खटल्यांत एका गृहस्थानें आपले घोडे व शिकारी कुत्रे यांच्या पोषणासाठीं वर्षास ७५० पौंड, तीं जनावरें जगल्यास पन्नास वर्षेंपर्यंत, ठेविले होते. कोर्टानें तें मान्य केलें. मात्र अशा देणगीस ‘अपूर्ण बंधन’ म्हणतात, कारण विश्वस्तानें पैसे घेतले आणि घोड्यास उपाशी ठेविलें, तर घोडा फिर्याद घेऊन येत नाहीं. अमेरिकेंत एकेका राज्यानें पाळीव जनावरांसाठीं विश्वस्त-निधीचे कायदे केले. २०१६ सालीं मिनेसोटानें तो केला तेव्हां पन्नासहि राज्यें पुरीं झालीं. तेथें २००७ सालीं लिओना हेल्मस्ले नांवाची धनाढ्य बाई वारली. तिनें आपल्या ‘ट्रबल’ नामक कुत्रीसाठीं १ कोटि २० लक्ष डॉलर ठेविले आणि दोन नातवांस कांहींच ठेविलें नाहीं. पुढें न्यायाधीशांनीं ती रक्कम २० लक्षांवर आणिली. २०१० मध्यें ती कुत्री मेली. हें वाचून आम्हांस हेवा वाटला नाहीं. भिंगरीस कोटि नकोत. सकाळीं सहा वाजतां तिला दार उघडणारें कोणी हवें, आणि दिवाळींत फटाके वाजूं लागले म्हणजे पलंगाखालीं तिच्याजवळ हात घालून बसणारें कोणी हवें.

आपल्याकडेहि कुत्र्यास मालमत्ता दिल्याचें उदाहरण आहे, आणि तें आमच्याच मुलुखांतलें आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधि दाखवितात. लोक त्यास खंड्या म्हणतात. शिकारींत त्यानें वाघापासून धन्याचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत लिहून ठेविलें आहे. आमचे वडील त्या बाजूच्याच एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. त्यांना ही गोष्ट फार प्रिय. त्यांनीं पाळलेल्या शेवटच्या कुत्र्याचें नांव त्यांनीं खंड्याच ठेविलें होतें.

इतका वेळ कायदा आणि इतिहास यांच्या आडून बोलत होतों. आतां मूळ गोष्ट सांगितली पाहिजे.

वडील २००४ च्या आषाढांत वारले. आई त्यांच्या आधींच गेली होती. खंड्या तेव्हां सहा-सात वर्षांचा असेल. तेरावा आटोपला, कॉलेज सुरू झालें होतें, आमचें पुण्यांतील बिऱ्हाड त्या वेळीं तिसऱ्या मजल्यावर, आणि पदरीं लहान मुलगी. आम्हीं घरास कुलूप लाविलें, शेजारच्या गृहस्थाच्या हातांत ५०० रुपये ठेविले, आणि म्हणालों, “खंड्याकडे जरा लक्ष असूं द्या.” ते “बरं” म्हणाले. त्यांच्या घरीं खाणारीं तोंडें किती, दिवसभर शेतावर जाणाऱ्या माणसास कुत्र्यासाठीं वेळ केव्हां, हें आम्हीं विचारलें नाहीं. एस. टी. निघाली तेव्हां खंड्या ओढ्यापर्यंत मागें धांवत आला. मागच्या कांचेंतून तो दिसत होता. आम्हीं मान वळविली ती सामान नीट ठेवण्याच्या निमित्तानें.

दिवाळींत गांवीं गेलों तों खंड्या नव्हता. शेजाऱ्यानें सांगितलें कीं, महिना-दीड महिना तो बंद घराच्या ओट्यावर बसून असे. टाकलेली भाकर कधीं खाई, कधीं तशीच ठेवी. पुढें दिसेनासा झाला. कोणी त्यास एस. टी. च्या थांब्यावर पाहिला होता. हें सांगून तो भला मनुष्य घरांत गेला आणि ४४० रुपये घेऊन बाहेर आला. साठ रुपये खर्च झाले होते. त्यांचा हिशेब त्यानें शाळेच्या वहींतल्या कागदावर लिहून ठेविला होता. आम्हीं ते पैसे घेतले. हें लिहितांना आजहि हात अडखळतो. जनावरास उपासमारीच्या तोंडीं टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे, आणि पहिल्या अपराधास त्या कायद्यानें सांगितलेला दंड दहा ते पन्नास रुपये. आम्हीं दहापट आगाऊ भरून मोकळे झालों होतों!

कुत्र्यांच्या इमानाच्या कथा आम्हीं वर्गांत अनेक वेळां सांगितल्या आहेत. रायगडावर वाघ्याचा पुतळा १९३६ सालीं उभारला गेला. धन्याच्या चितेंत उडी घेतल्याची त्याची कथा इतिहासास धरून नाहीं असें अनेक अभ्यासकांचें म्हणणें असलें, तरी लोकांस ती आवडते. आतां वाटतें, ती आवडण्याचें एक कारण असेंहि असेल कीं, धन्यामागें कुत्रा मेला कीं त्याला संभाळावयाचें कोणी, हा प्रश्नच उरत नाहीं. जपानांतील हाचिकोची गोष्ट तर प्राध्यापकाच्या कुत्र्याची. टोकियो विद्यापीठांतील कृषिशास्त्राचे प्राध्यापक उएनो हे मे १९२५ मध्यें एकाएकीं वारले. त्यांचा कुत्रा तेव्हां दीड वर्षाचा होता. तो ८ मार्च १९३५ रोजीं मरेपर्यंत शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिला, आणि त्याच्या हयातींतच, १९३४ सालीं, लोकांनीं तेथें त्याचा पुतळा उभारला. एवढा भाग सर्वांस ठाऊक आहे. प्राध्यापकमहाशयांचा आपल्या सहचारिणीशीं कायदेशीर विवाह झालेला नव्हता, त्यामुळें त्यांच्या मागें तिला घर सोडावें लागलें, आणि कुत्रा या घरून त्या घरीं असा फिरत अखेर त्यांच्या जुन्या माळ्याच्या आश्रयास गेला, हा भाग फारसा कोणी सांगत नाहीं. कुत्र्याचें इमान पुतळ्यांत मावतें. धन्याची हयगय कोठें मांडावयाची?

या विषयावर आम्हांस खरा वाटतो तो होमर. ओडिसियस वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत घरीं येतो, तेव्हां त्याचा आर्गस वाड्याच्या दाराशीं शेणाच्या ढिगावर गोचिडांनीं भरलेला पडलेला असतो. राणी घरांत, मुलगा घरांत, नोकरचाकर घरांत. धनी नाहीं म्हणून कुत्रा उकिरड्यावर. तो शेपूट हालवितो आणि प्राण सोडतो. कॉलेजांत हा प्रसंग शिकवितांना आम्ही ओळखीच्या करुणरसाबद्दल बोलत असूं. २००४ नंतर आमचें लक्ष त्या ढिगाकडेच जाऊं लागलें.

आणि आपला युधिष्ठिर? हस्तिनापुराहून मागें लागलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत येणार नाहीं, असें त्यानें इंद्रास स्पष्ट सांगितलें. पण त्याचें भाग्य असें कीं, दारापर्यंत कुत्रा बरोबर होता. आमच्या वेळीं रुग्णवाहिका आली, तिच्यांत कुत्र्यास जागा नव्हती, आणि नकार देण्याइतका श्वास आमच्यांत नव्हता.

इस्पितळांत आम्ही पांच दिवस होतों. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांजवळ आमच्या घराची किल्ली असते. त्यांनीं दोन वेळां दूध ओतून ठेविलें. भिंगरीनें दोन दिवस त्यास तोंड लाविलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाई दूध-भाकरी कुस्करून तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि उठल्याच नाहींत. तेव्हां ती त्यांच्या हातचें जेवली. हें आम्हांस घरीं आल्यावर कळलें, आणि आमच्या पुढच्या सर्व खटाटोपाचें उत्तर त्यांत होतें हें समजावयास मात्र आणखी दोन महिने लागले.

ते दोन महिने आम्हीं योग्य माणसाच्या शोधांत घालविले. मुलीशीं टेलिफोनवर बोललों. “बाबा, असं अभद्र बोलूं नका,” ती म्हणाली, आणि मग रडवेल्या आवाजांत, “मी आणीन तिला इकडे.” चौकशी केली. हिंदुस्थानांतून युरोपांत कुत्रें न्यावयाचें तर त्याच्या कातडीखालीं ओळखीची चिप बसवावी लागते, रेबीजची लस टोंचावी लागते, तिच्यानंतर निदान तीस दिवसांनीं रक्त तपासून घ्यावें लागतें, आणि तें रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावें लागतें. शिवाय नवरा-बायको दोघेंहि दिवसभर कामावर. ते चार महिने ती कोठें राहणार, हा मूळ प्रश्न तसाच! दोन सहकाऱ्यांस विचारलें, दोघेहि म्हणाले, “सर, तशी वेळच येणार नाहीं.” आपल्या समाजांत या वाक्याचा अर्थ ‘नाहीं’ असा होतो, आणि तो इतक्या प्रेमानें सांगितलेला असतो कीं, पुढें विचारतां येत नाहीं. जनावरांचा आश्रम चालविणारे एक गृहस्थ तेवढे सरळ बोलले. “तुम्ही निदान आधीं आलांत,” ते म्हणाले. “आमच्याकडे बहुतेक लोक तेराव्यानंतर येतात, आणि गाडींतून उतरतहि नाहींत.” आम्हीं खालीं पाहिलें.

अखेर एके दिवशीं पोळ्या लाटणाऱ्या बाईंपुढें आम्ही हातांत कागद घेऊन उभे राहिलों. कागदावर आंकडे होते: दरमहा ४,००० प्रमाणें वर्षाचे ४८,०००, दहा वर्षांचे ४,८०,०००, म्हातारपणच्या दुखण्यासाठीं १,२०,०००, एकूण ६,००,००० रुपये. बाईंनीं तो कागद पाहिला नाहीं. “पैशाचं मागनं बघूं, सर,” त्या म्हणाल्या. “ती माझ्या घरी राहते का, ते आधी बघायला पाहिजे. कुत्र्याला कागद वाचतां येतो का?”

वीस वर्षांपूर्वीं जें विचारलें नव्हतें, तें या वेळीं आम्हीं सर्व विचारलें. बाईंचें घर धायरीच्या बाजूस, स्वतःचें, पुढें थोडें अंगण. घरांत सासूबाई, त्यांस विचारल्यावांचून शब्द द्यावयाचा नाहीं, असें आम्हींच सुचविलें. सासूबाईंनीं दोन दिवस विचार करून निरोप पाठविला कीं, कुत्री चालेल, पण तिला कोंबड्यांची संवय करावी लागेल. इतका रोखठोक होकार आम्हांस कोणी दिला नव्हता.

तेव्हांपासून दर पंधरा दिवसांनीं भिंगरी शनिवारच्या संध्याकाळीं बाईंबरोबर रिक्षानें धायरीस जाते आणि रविवारीं परत येते. बँकेंत एक वेगळी ठेव केली आहे. तिचें व्याज आजपासूनच बाईंच्या खात्यांत जमा होतें, कारण काम आजपासूनच सुरू झालें आहे. मृत्युपत्रांत भिंगरी व ती ठेव दोन्ही त्यांच्या नांवें लिहिलीं आहेत. बाईंनीं ठेव घेऊन कुत्रीस हांकलून दिलें तर काय, असें वकिलानें कर्तव्य म्हणून विचारलें. आम्हीं म्हटलें, मग भिंगरीसाठीं भांडणारें कोणी नाहीं हें खरें. पण जी बाई दूध-भाकरी घेऊन जमिनीवर बसून राहिली, तिच्यावर पहारेकरी नेमणें आम्हांस शोभत नाहीं. वकील थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्यांना काहीं कारणानं जमलं नाहीं, तर दुसरं नांव लागेल. तें माझं घाला, सर.”

त्यानेंच आणखी एक गोष्ट ध्यानांत आणून दिली, ती अशा विचारांत असलेल्या वाचकांसाठीं येथें नमूद करतों. मृत्युपत्र हें फार सावकाश बोलणारें पत्र आहे. तें तेराव्यानंतर केव्हां तरी उघडतात, आणि कुत्रें पहिल्याच संध्याकाळीं भुकेलेलें असतें. शिवाय आम्ही जिवंत पण बेशुद्ध असूं, तर तें मुळींच बोलत नाहीं. म्हणून पोस्टमास्तरांजवळ किल्लीबरोबर एक पाकीट ठेविलें आहे: त्यांत महिन्याभराचा खर्च, बाईंचा टेलिफोन, जनावरांच्या डॉक्टरांचा टेलिफोन, लसीची तारीख, आणि एका पानावर भिंगरीच्या संवयी. तिला तूप पचत नाहीं. जिन्यावर काठी आपटली कीं ती भिते. ‘चल’ म्हटलें तर येत नाहीं, ‘जाऊं या?’ म्हटलें तर येते. आमच्या खिशांतील पाकिटांतहि एक चिठ्ठी असते: घरीं कुत्री एकटी आहे, अमक्यास कळवावें. हें सर्व करावयास पैसा थोडा आणि वेळ एक दिवस लागला. तें न करावयास आम्हांस चार वर्षें लागलीं होतीं.

गेल्या रविवारीं बाईंच्या मुलाची परीक्षा असल्यामुळें भिंगरीस आणावयास आम्हीच धायरीस गेलों. फाटकाशीं रिक्षा थांबली. एरवीं आमचें पाऊल जिन्यावर वाजलें कीं दारावर उड्या मारणारी भिंगरी अंगणांत उन्हाला पडली होती, आणि चार पावलांवर कोंबड्या दाणे टिपत होत्या. तिनें डोकें उचलिलें, आम्हांस ओळखिलें, धांवत येऊन दोन गिरक्या घेतल्या, हात चाटला. आणि सासूबाईंनीं ताटली वाजवितांच पुन्हां ओट्याकडे गेली. जेवून झाल्यावरहि ती लगेच आली नाहीं. आम्हांस क्षणभर वाईट वाटलें. तें वाटलें नाहीं असें लिहिणें खोटें होईल.

बाई म्हणाल्या, “सर, चहा घेतां का? ती निघेल सावकाश.”

आम्ही ओट्यावर बसलों आणि चहा घेतला.